सेकंडहँड फायबर बोटीचा तळ नुकताच रंगवलेला असेल तर ती घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा की १८ फुटी फायबरची बोट आहे, पाच वर्षं जुनी, सोबत आउटबोर्ड इंजिन, आणि मालकाने गेल्याच महिन्यात तळाला लाल रंग मारलाय, तर हा रंग असणं चांगलं की वाईट, आणि बघायला जाल तेव्हा काय काय तपासायचं. मी हर्णैच्या बाजूचा, घरात होडी लहानपणापासून, आणि अशीच एक ताजी रंगवलेली बोट २०१६ च्या मे महिन्यात मी आणि मेव्हण्याने मिळून घेतली होती, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

पहिलं म्हणजे मालकाला रंग का मारला ते विचारा, बाकी सगळं त्यावरून कळत जातं. तळाचा रंग शोभेचा नसतो. बोट खाऱ्या पाण्यात नांगरून ठेवली की थोड्याच दिवसांत तळाला आधी बुळबुळीत थर येतो, मग शेवाळ, मग बार्नेकल, ते पांढरे टोकदार कवचवाले, आणि एकदा ते बसले की बोट जड होते, पळत नाही, पेट्रोल जास्त खाते. ते बसू नयेत म्हणून अँटीफाऊलिंग रंग लावतात, त्यात बहुतेक वेळा तांब्याचं ऑक्साइड असतं, ते हळूहळू पाण्यात सुटत राहतं आणि जीव चिकटू देत नाही. म्हणजे हा रंग कायम पाण्यात राहणाऱ्या बोटीला लागतो. जी बोट ट्रेलरवर घरी नेतात किंवा रोजच्या रोज वाळूवर ओढून ठेवतात तिला त्याची गरज नसते, आणि धरणाच्या गोड्या पाण्यात तर बार्नेकल येतच नाहीत. आता मालक म्हणाला की बोट पाचही वर्षं खाडीत होती, तर तळावर रंगाचे जुने थर असायलाच हवेत आणि नवा हात मारणं हे अगदी नेहमीचं काम, आमच्याकडे पावसाळ्याआधी किंवा नारळी पौर्णिमेच्या सुमाराला बोटी पुन्हा पाण्यात सोडताना सगळेच मारतात. पण तो म्हणाला की बोट आम्ही वरच ठेवायचो, आणि तरीही विकायच्या महिनाभर आधी पहिल्यांदाच रंग लागलाय, तर मग त्या रंगाखाली काय आहे ते बघितल्याशिवाय एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका.

खाली काय असू शकतं ते सांगतो. आपल्या किनाऱ्यावर बोटी ओंडक्यांवरून, नाहीतर सरळ वाळूवरून ओढतात. त्यात सगळ्यात आधी झिजते ती कील, म्हणजे जुने लोक जिला पठाण म्हणतात ती तळाची मधली रेघ. फायबरवरचा जेलकोट, म्हणजे सगळ्यात बाहेरचा गुळगुळीत थर, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तो घासून गेला की आतली काचेची मॅट उघडी पडते आणि तिथून पाणी आत मुरायला लागतं. अशी उघडी मॅट नीट दुरुस्त करायची तर घासून, सुकवून, वरून पुन्हा मॅट आणि रेझिन (ती मॅट घट्ट धरणारा, सुकून कडक होणारा चिकट द्रव) द्यावं लागतं. सोपा मार्ग म्हणजे गाडीच्या गॅरेजमध्ये वापरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि वरून लाल रंग. वरून कुणालाही कळत नाही. आणि ती लांबी स्वतःच पाणी पिते.

दुसरं म्हणजे फोड. पाण्यात राहणाऱ्या फायबरमध्ये जेलकोटमधून थोडं थोडं पाणी आत जातं, आतल्या रेझिनमधली विरघळणारी द्रव्यं त्यात मिसळतात, ते द्रावण आणखी पाणी ओढून घेतं आणि जेलकोटखाली फोड येतात, याला ऑस्मोसिस म्हणतात. आता नीट लक्ष द्या, कारण आम्ही इथेच फसलो. बोट वर काढून काही दिवस उन्हात पडली की हे फोड बसतात, पार दिसेनासे होतात. आमची बोट आम्ही मे महिन्यात वाळूवर बघितली, पंधरा-वीस दिवस वर होती, तळ आरशासारखा, आम्ही खूश. हंगामात ती खाडीत राहिली आणि फेब्रुवारीत उधाणाच्या भरतीला वर घेतली, रात्री पाणी उतरल्यावर टॉर्च तिरका धरून तळ बघितला तर डावीकडे हरभऱ्याएवढे फोड, काही आठ आण्याच्या नाण्याएवढे, दोन हाताच्या पट्ट्यात मोजून चाळीसच्या वर. मेव्हण्याने एकात स्क्रूड्रायव्हरचं टोक घातलं तर चपकन तपकिरी पाणी उडालं, आणि वास व्हिनेगरचा, आंबट, नाकात जाणारा. ज्याच्याकडून घेतली त्याला फोन केला तर तो म्हणाला, मी दिली तेव्हा असं काही नव्हतं. दिसायला खरंच नव्हतं.

म्हणून बोट शक्यतो पाण्यातून बाहेर काढली त्याच दिवशी बघा. तुमची बोट आधीच वर असेल तर मालकाला सांगा की आठवडाभर पाण्यात ठेवून परत काढू, त्याचा खर्च मी देतो.

आता बघायचं कसं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरपं असतं तेव्हा तळाचे उंचवटे दिसतात, दुपारी बारा वाजता काही कळत नाही. आधी ओल्या हाताने रंग चोळा. झिजत जाणारं अँटीफाऊलिंग असेल तर तळहाताला रंग लागतो आणि पृष्ठभाग खडूसारखा, बिनचमकीचा असतो. कडक प्रकारातलं इतकं लागत नाही, पण तेही सहसा चमकत नाही. हाताला काहीच लागलं नाही आणि तळ दाराखिडक्यांसारखा चकाकतोय तर तो बहुधा साधा ऑइल पेंट आहे, तो बार्नेकल थांबवत नाही आणि एका हंगामात पोपडे धरतो. तसं असेल तर तुम्हाला सगळा खरवडून पुन्हा सुरुवात करायचीय हे किमतीत धरा.

मग मालकाच्या परवानगीने चार-पाच ठिकाणी तळहाताएवढा भाग वॉटर पेपरने घासा, पाणी मारत मारत, कोरडा अजिबात नाही, कारण त्या रंगाची पूड विषारी असते, मास्क आणि ग्लोव्ह्ज घालूनच. (जुन्या बोटींच्या रंगात टीबीटी नावाचं कथिलाचं संयुग असायचं, त्याच्यावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार बंदी आहे, तुमच्या पाच वर्षांच्या बोटीत ते नसावं, पण तांबंही फुप्फुसात जाण्यासारखी गोष्ट नाही.) एक जागा पठाणावर, एक मागे इंजिनाजवळ, एक पाण्याच्या रेषेखाली, एक जिथे बोट जमिनीवर टेकते तिथे. घासलेल्या जागेची कड बघा, जुने थर कांद्याच्या चकतीसारखे वलयं वलयं दिसतात, लाल, निळा, पुन्हा लाल, खाली जेलकोट. ही वलयं म्हणजे त्या बोटीची वर्षं. वलयं दिसली आणि खाली जेलकोट एकसंध निघाला तर मला अशी बोट आवडते, कुणीतरी तिची दरवर्षी काळजी घेतलीय. लाल रंगाखाली एकदम करडा किंवा पिवळसर मऊ थर लागला, नखाने उकरला जातोय, तर ती लांबी. काही जागी रंगाखाली गोल गोल पांढऱ्या चकत्या दिसतील, ते बार्नेकल खरवडल्यावर राहिलेले तळ आहेत, म्हणजे रंग मारायच्या आधी साफसफाईसुद्धा नीट केली नाही.

मालक चार जागा घासू देत नसेल तर सांगा की त्या जागा मी माझ्या पैशाने परत रंगवून देतो. तरीही नको म्हणाला तर मी तिथून निघतो, दुसऱ्या बोटी असतात.

यानंतर स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने तळ ठोकत चला, वीतभर अंतरावर. आमच्या बंदरातले एक म्हातारे तांडेल (बोट चालवणारे प्रमुख) आहेत, ते डोळे मिटून ठोकतात, मी त्यांच्याकडूनच शिकलो. चांगल्या जागी आवाज टण्ण येतो, जिथे थर सुटलेत किंवा पाणी मुरलंय तिथे ठप्प. मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, तिच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं, तिथे जरा जास्त वेळ द्या, इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात जाणारा खालचा भाग, धरून वरखाली हलवा आणि फळी वाकते का, कोपऱ्यात तडे आहेत का ते बघा. ओलावा मोजायचं मीटर कुणी आणलं तर तांब्याच्या रंगावरून त्याचं रीडिंग धरू नका, ते चुकीचं येतं, घासलेल्या जागेवरच लावायला सांगा.

इंजिनाच्या पायालाही तोच लाल रंग फासलाय का बघा. पाय ॲल्युमिनियमचा असतो आणि तांब्याचा रंग त्याच्यावर बसला की खारं पाणी ॲल्युमिनियम खात सुटतं, खड्डे पडतात. पायाला झिंकचा तुकडा लावलेला असतो, ॲल्युमिनियमऐवजी तो झिजावा म्हणून, त्याच्यावर तर कुठलाच रंग चालत नाही, रंगवलं की ते काम करणं बंद करतं.

शेवटचं म्हणजे वजन. फ्लोअरखाली फोम भरलेला असतो, त्यात पाणी साचलं की बाहेरून काही दिसत नाही. बोट टेम्पोत टाकून जवळच्या वजनकाट्यावर न्या, आधी रिकामा टेम्पो, मग बोटीसकट, आणि बनवणाऱ्याने दिलेल्या वजनाशी ताडून बघा. दहा-वीस किलो इकडेतिकडे चालतं, शंभर किलो नाही. कागदपत्रांत नोंदणी क्रमांक बोटीवरच्या क्रमांकाशी आणि इंजिन नंबर इंजिनाशी जुळवा, मासेमारीचा परवाना असेल तर तो आपोआप तुमच्या नावावर होत नाही, मत्स्यव्यवसाय खात्याकडे आधीच जाऊन विचारा.

आमच्या बोटीचं म्हणाल तर आम्ही ती विकली नाही. सगळे फोड ग्राइंडरने उघडले, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं, मार्च-एप्रिलचं ऊन दीड महिना दिलं, मग इपॉक्सीने भरून वरून इपॉक्सीचे पाच हात आणि त्याच्यावर अँटीफाऊलिंग. रेझिन-बिझिनचे पैसे वेगळे, पण जास्त गेली ती मेहनत, दोघांच्या सगळ्या सुट्ट्या. आज ती चांगली चालते, दर एप्रिलला तळ मी स्वतः बघतो.

तुमची बोट कुठे ठेवणार ते लिहिलं नाहीत. खाडीत नांगरून ठेवणार की ट्रेलरवर, तेवढं सांगा, त्यावरून हा लाल रंग ठेवायचा की सगळा काढून टाकायचा ते ठरेल.