सही करण्याआधी

कॅलगरी, रविवार रात्र

प्रिय,

तुझा निरोप दोनदा वाचला. "काका, युनिव्हर्सिटीची फी हॉकीतून निघते म्हणतात, खरं का?" निघते. पण ते पैसे कुठून येतात आणि कशाने बुडतात, हे तुला या उन्हाळ्यातच नीट कळायला हवं.

तू वेस्टर्न हॉकी लीगमध्ये, म्हणजे ज्युनियर आइस हॉकीच्या लीगमध्ये, दोन हंगाम खेळलास. म्हणजे दोन वर्षांची ट्यूशन फी, सक्तीची शुल्कं आणि पुस्तकं तुझ्या नावावर जमा झाली. एका हंगामाला शिक्षणाचं एक वर्ष, असा सरळ हिशेब आहे. लीगची ही योजना १९९३पासून चालू आहे. तू पहिल्या लाइनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या पहिल्या तुकडीत, होतास की चौथ्या, गोल किती केलेस, हे तिथे कोणी विचारत नाही. म्हणून मी हिला तुझी सगळ्यात भक्कम कमाई मानतो.

राहण्याजेवणाचं काय, तर घरी विचार, तू लहान असताना आरईएसपी, म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठीचं बचत खातं, उघडलं होतं का. वर्षाला २,५०० डॉलर भरले की सरकार त्यात ५०० घालतं, एकूण ७,२०० पर्यंत. आपल्याकडचे बरेच आईवडील नवीन आले तेव्हा त्यांना हे कुणी सांगितलंच नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

आता बुडण्याचं. ज्युनियर हॉकी संपल्यावर ठरावीक मुदतीत शिक्षण सुरू करावं लागतं, आणि व्यावसायिक करारावर सही केली की हे पैसे हातचे जाऊ शकतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाची चार वर्षं जमा होती. विसाव्या वर्षी ज्युनियर संपलं, छोट्या व्यावसायिक लीगमधून बोलावणं आलं, "एकच वर्ष बघतो" म्हणून गेला. गुडघा दुखावला, मुदत टळली. आज तो स्वतःच्या खिशातून फी भरून शिकतोय. चार वर्षं, अरे! ज्युनियर लीगच्या करारपत्रातली शिक्षणाची ती दोन पानं त्याच्या घरात कुणीच वाचली नव्हती.

युनिव्हर्सिटीच्या संघाकडूनही क्रीडा शिष्यवृत्ती मिळते. यू स्पोर्ट्स, म्हणजे कॅनडातल्या युनिव्हर्सिटी खेळांची संस्था, तिच्या नियमाने या शिष्यवृत्तीची कमाल मर्यादा ट्यूशन आणि सक्तीच्या शुल्कांइतकीच. पहिल्याच वर्षी ती हवी असेल तर प्रवेशाला ८० टक्के लागतात, पुढे टिकवायला ६५. तेव्हा बसच्या प्रवासात गणिताचं पुस्तक उघड. बारावीचे गुण वाढवायला अजून वेळ आहे.

अमेरिकेचंही विचारलंस. पूर्वी तुझ्या लीगमध्ये एक सामना खेळलं तरी तिथल्या कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. १ ऑगस्ट २०२५पासून ते उघडलं, आणि गेव्हिन मॅकेना हा खेळाडू तुझ्या लीगमधला मेडिसिन हॅटचा संघ सोडून अमेरिकेतल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीला गेला. तुला तिथून विचारणा आली तर जरूर ऐक. पण किती वर्षांची हमी आणि दुखापत झाली तर काय, हे लेखी माग.

कॅनडातली युनिव्हर्सिटी हॉकी म्हणजे उतरती कळा, असं ड्रेसिंग रूममध्ये कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. न्यू ब्रन्सविक युनिव्हर्सिटीच्या संघाने २०२३-२४मध्ये ४३ पैकी ४३ सामने जिंकले. त्यातले बहुतेक जण ज्युनियरमधूनच आलेले. जोएल वॉर्डला एनएचएलच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगच्या, एकाही संघाने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) घेतलं नव्हतं. प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या युनिव्हर्सिटीत चार वर्षं खेळून, शिकून तो एनएचएलमध्ये पोचला. शिवाय आत्ता तू हंगामात ६८ सामने खेळतोस, इथे पश्चिमेकडच्या युनिव्हर्सिट्या २८ खेळतात, तेही बहुतेक शुक्रवार-शनिवारी. प्रयोगशाळा चुकत नाही.

एजंटचा फोन आला की "घरी विचारून सांगतो" एवढंच म्हण. तुझ्या लीगच्या करारपत्रातली शिक्षणाची पानं फोटो काढून मला पाठव. शनिवारी तुझ्या बाबांना घेऊन ये, ओळ न् ओळ वाचू. काकू थालीपीठ लावणार आहे.

तुझा,
काका