वडील वारल्यावर काका म्हणतात, "भांडवल खात्यातली रक्कम घ्या आणि मोकळे व्हा." काय करावं?

तुमच्या प्रश्नावरून चित्र असं दिसतं: वडील आणि काका या दोघांचीच निम्मी-निम्मी भागीदारी, हार्डवेअरचं दुकान, वडिलांना जाऊन पाच महिने झाले, आणि काका आईची हक्कसोडपत्रावर सही मागत आहेत. ती सही आत्ता करू नका. आधी हिशेब, मग सही.

करारपत्रात 'भागीदार मेला तरी फर्म चालू राहील' असं कलम असेल, तर काका त्यावर बोट ठेवतील. तीन किंवा जास्त भागीदार असते तर ते कलम चाललं असतं. दोघांतला एक गेला की उरलेला एकटा भागीदारी करू शकत नाही, म्हणून फर्म मृत्यूच्या दिवशीच विसर्जित होते, म्हणजे कायद्याने संपते. सर्वोच्च न्यायालयाने हे 1965 मध्येच स्पष्ट केलं आहे. तरीही करारपत्र नीट वाचा: उरलेल्या भागीदाराने हिस्सा कसा विकत घ्यायचा आणि किंमत कशी ठरवायची, याचं कलम असेल तर ते मोलाचं असतं. लवादाचं (वाद कोर्टाऐवजी पंचाकडे नेण्याचं) कलम असेल तर ते वारसांनाही लागू राहतं.

खरा वाद 'भांडवल खातं' या शब्दात आहे. फर्मच्या पुस्तकात वडिलांच्या नावावर जमा दिसणारी रक्कम, एवढंच ते खातं सांगतं. ताळेबंदात मालमत्ता खरेदीच्या किमतीला, घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) वजा करून दिसते. समजा भांडवल खात्यात 11 लाख आहेत, आणि फर्मचं गोडाऊन पुस्तकात 3 लाखांचं, पण आजचा भाव 60 लाख. वाढीव 57 लाखांपैकी निम्मे, म्हणजे 28.5 लाख, वडिलांचे. 11 लाख घेऊन सही केली की हे गेले. विसर्जनाच्या हिशेबात बाजारभाव धरायचा असतो, आणि दुकानाच्या नावाची किंमत म्हणजे गुडविलही त्यात येते. मात्र वारस म्हणून गोडाऊनचा निम्मा भाग तोडून मागता येत नाही. देणी भागल्यावर उरेल त्या रकमेतला हिस्सा मिळतो. जागा काकांच्या नावावर असून पैसे फर्मच्या खात्यातून गेले असतील, तर ती जागा फर्मचीच, असं कायदा गृहीत धरतो. उलटा हेतू सिद्ध करण्याचा भार काकांवर.

मृत्यूच्या तारखेचा ताळेबंद लेखी मागा, स्पीड पोस्टाने. सोबत मालाची मोजणी, उधारीची यादी, बँक स्टेटमेंट आणि खतावणीच्या (खातेवहीच्या) प्रती. कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर बँकेचं खेळतं कर्ज) असेल तर बँकेला दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट मिळवा. बँकेला माल भरपूर दाखवलेला आणि वारसांना 'माल पडून खराब झालाय' सांगितलेलं, ही विसंगती बऱ्याच ठिकाणी सापडते. जीएसटी रिटर्नमधली विक्री तिसरा पुरावा. काका जुनी उधारी वसूल करतात, घेतलेल्या ऑर्डर पुऱ्या करतात, याला हरकत घेऊ नका. आवराआवर करण्याचा तो अधिकार त्यांना आहेच.

हिशेब न करता त्यांनी धंदा पुढे चालवला, तर भागीदारी कायद्याच्या कलम 37 प्रमाणे वारसांना निवड आहे: हिस्सा वापरून झालेल्या नफ्याचा वाटा, किंवा हिश्शाच्या रकमेवर सालाना 6 टक्के व्याज. वरच्या उदाहरणात 11 आणि 28.5 मिळून 39.5 लाखांवर वर्षाला 2,37,000 रुपये. धंदा तेजीत असेल तर नफाच मागावा, पण त्यासाठी हिशेबाची पुस्तकं हाती असावी लागतात.

हिशेबाचा दावा लावायची मुदत तीन वर्षं, मृत्यूच्या तारखेपासून. 'दिवाळीनंतर बसू' यात लोकांची मुदत निघून जाते. तोंडी आश्वासनाने ती वाढत नाही. मुदत संपण्याआधी काकांच्या सहीची लेखी कबुली मिळाली तरच नव्याने मोजली जाते. फर्मची नोंदणी नसली तरी वारस हिशेबाचा दावा करू शकतात.

कुटुंब हिंदू असेल आणि वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर आई, सगळे मुलगे-मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, हे सगळे सारखे वारस. काकांनी फक्त तुमच्या भावाशी तडजोड केली तर ती बाकीच्यांना बांधत नाही.

शेवटी बँक. वडिलांनी फर्मच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल, तर मृत्यूचा दाखला जोडून बँकेला याच आठवड्यात पत्र द्या. हमीपत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर मृत्यूनंतर उचललेल्या नव्या रकमेला वडिलांची मालमत्ता जबाबदार राहत नाही. आधीची बाकी मात्र राहते. ती किती, हे त्या तारखेचं स्टेटमेंट मागून लेखी करून ठेवा.