पेशीपटलाचा गुलाबी रंग का जात नाही?

प्रश्न : मी मुंबईत जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी तांबड्या रक्तपेशी ऊर्ध्वपातित पाण्यात फोडून त्यांची पटले सेंट्रिफ्यूजमध्ये वेगळी करते. पण चार-पाच वेळा धुऊनही गाळ गुलाबीच राहतो. प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर तळाशी जाड पट्टा येतो आणि नमुना उकळून भरला तरी बराचसा भाग वर, नमुना भरायच्या खाचेतच अडकतो. माझे कुठे चुकते? – एक वाचक, दादर

उत्तर : पेशींची निवड आपण योग्य केली आहे. यकृताच्या पेशींतून बाह्यपटल काढू गेले की केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका यांची पटलेही सोबत येतात. माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशीत यांपैकी काहीच नसते, त्यामुळे हिमोग्लोबिन धुऊन निघाले की जवळजवळ निव्वळ पेशीपटलच उरते. आपल्या जेलच्या तळाशी, १६ किलोडाल्टन (प्रथिनाच्या रेणूभाराचे एकक) च्या आसपास, दिसणारा पट्टा बहुधा या राहून गेलेल्या हिमोग्लोबिनचाच आहे.

दोष पाण्याचा असावा. ऊर्ध्वपातित पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, आणि सामू (पीएच) सातच्या खाली उतरला व क्षारही नसले, तर हिमोग्लोबिन पटलाच्या आतल्या अंगाला, विशेषतः ‘बँड ३’ या प्रथिनाला, चिकटून बसते. म्हणून पेशी आधी थंड सलाइनमध्ये तीनदा धुवाव्यात, प्रत्येक वेळी वरचा पांढऱ्या पेशींचा पातळ थर काढून टाकावा आणि मग एक भाग पेशींना तीस-चाळीस भाग थंडगार फॉस्फेट बफर (५ मिलिमोलर, सामू ८) वापरावा. फेअरबँक्स, स्टेक आणि वॉलॅक यांनी १९७१ साली याच धर्तीवर काम करून जेलवरील पट्ट्यांना क्रमांक दिले. ‘बँड ३’ हे नाव तिथलेच.

गुरुत्वाच्या सुमारे २०,००० पट बलावर वीस मिनिटे फिरवल्यानंतरची नळी मात्र नीट निरखून पाहा. पटलांचा गाळ सैल, साबणाच्या फेसासारखा हलका असतो आणि नळी कलती केली की घसरतो; त्याच्याखाली तळाला एक छोटी, घट्ट गुंडी चिकटलेली राहते. तिच्यात पांढऱ्या पेशींचे अवशेष आणि प्रथिने तोडणारी विकरे असतात. ती पिपेटने न चुकता काढून घ्या, कारण तीच पुढे स्पेक्ट्रिनचे, म्हणजे पटलाला आतून आधार देणाऱ्या प्रथिनाचे, तुकडे पाडते. अशा विकरांना रोखणारे पीएमएसएफ हे रसायन पाण्यात फार काळ टिकत नाही, तेव्हा ते प्रत्येक धुण्याच्या ऐनवेळी बफरमध्ये मिसळावे. मुंबईच्या उकाड्यात नळ्या बाकावर राहू देऊ नयेत; क्षार कमी आणि ऊब जास्त असली की स्पेक्ट्रिन पटल सोडून द्रवात निघून जाते. रक्तपेढीतून नमुना आणताना नळी बर्फाला थेट टेकू नये, नाहीतर रक्त थंडीने थिजून पेशी वाटेतच फुटतील.

खाचेत अडकण्याचे कारण उकळणे हे आहे. पटलात रुतलेली जलविरोधी प्रथिने उकळताना एकमेकांना चिकटून मोठ्या गुठळ्या करतात, आणि त्या जेलमध्ये शिरत नाहीत. एसडीएस (प्रथिने उलगडणारे साबणासारखे द्रव्य) घातलेला नमुना ३७ अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवून भरून पाहा. प्रथिने रंगवणाऱ्या कूमासी रंगाने ग्लायकोफोरिन हे शर्करायुक्त पटल-प्रथिन जवळजवळ दिसतच नाही. ते धुतले गेले असे समजू नका, त्याच्या शर्करांसाठी पीएएस ही वेगळी रंगपद्धत वापरा.