हेड डॉक्टर हवा की सायंटिस्ट?

प्रश्न : मॅडम, आमच्या युनिव्हर्सिटीत मानवी प्रजननावर रिसर्च सेंटर सुरू होतंय, गायनॅकवाले, बायोलॉजीवाले, डेटावाले, समाजशास्त्रवाले सगळे एकत्र. हेड निवडायच्या कमिटीत मी आहे (झूऑलॉजीचा). ट्रस्टींना आयव्हीएफमधला (टेस्टट्यूब बेबीवाला) नावाजलेला डॉक्टर पाहिजे, आम्हाला सायंटिस्ट. दोन मीटिंगा भांडणातच गेल्या. काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : अहो, भांडताय तो मुद्दाच चुकलाय. आपल्या परळचंच बघा ना. 6 ऑगस्ट 1986 ला केईएममध्ये टेस्टट्यूब बेबी जन्मली, त्यामागे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे डायरेक्टर डॉ. टी. सी. आनंद कुमार, म्हणजे एक ऑपरेशन थिएटरमधल्या आणि एक लॅबमधले. देशातली पहिली म्हणून केवढं नाव झालं! आणि मग 1997 मध्ये याच आनंद कुमारांनी कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे कागद वाचून जाहीर सांगितलं की पहिलं बाळ आमचं नाही, त्यांचं, 3 ऑक्टोबर 1978 चं. आयुष्यभराचा पहिला नंबर माणसाने आपल्या हाताने सोडला. मला विचाराल तर असा माणूस शोधा, डिग्री कुठली का असेना.

मुखोपाध्याय स्वतः फिजिऑलॉजीचे, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं ते शिकवणारे, सोबत गायनॅक सरोजकांती भट्टाचार्य आणि गर्भ गोठवायच्या कामाला सुनीत मुखर्जी. सरकारी चौकशी समितीने दावा खोटा ठरवला, समितीचे प्रमुख होते रेडिओफिजिक्सचे, म्हणजे रेडिओलहरींवाले! पुढे मुखोपाध्यायांची बदली केली ती डोळ्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये, हॉर्मोन्सवर काम करणाऱ्या माणसाची. 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. म्हणून आधी तुमच्या कमिटीतच बाहेरचे दोन जाणकार घ्या, एक क्लिनिकचा, एक लॅबचा.

मग जाहिरात. यूजीसीच्या 2018 च्या नियमात संबंधित किंवा संलग्न विषयातली पीएचडी चालते, पण संलग्न म्हणजे कुठले ते जाहिरातीत लिहिलं नाही तर छाननीतच चांगली माणसं उडतात. मी एका पॅनलवर होते, समोर एम्ब्रियॉलॉजीवाली (गर्भाच्या वाढीचा अभ्यास करणारी) मुलगी, उत्तम काम, मधेच एक सर बिस्किट चहात बुडवत म्हणाले, "पण तुम्ही नक्की कुणाच्या, झूऑलॉजीच्या की गायनॅकच्या?" ती गप्प, बिस्किट कपात पडलं आणि विषयही तिथेच बुडाला. तिला घेतलं नाही. अजून चुटपुट लागते.

हेडच्या हाताखालच्या लोकांचंही आधीच ठरवा, पगार कुणाच्या बजेटमधून, प्रमोशन कुठल्या डिपार्टमेंटकडून, पेशंटचे सॅम्पल लॅबला देताना संमती कोण घेणार आणि एथिक्स कमिटीपुढे कोण उभं राहणार. हे लेखी नसेल तर सहा महिन्यांत डॉक्टर म्हणणार सॅम्पल माझे, लॅबवाले म्हणणार डेटा आमचा, समाजशास्त्रवाल्या बाई फक्त प्रश्नावली भरून घ्यायला.

इंटरव्ह्यूत पेपर किती ते मोजत बसू नका, ते बायोडेटात असतंच. विचारा, दुसऱ्या विषयाच्या माणसाने तुमचं म्हणणं कधी खोडून काढलं, आणि मग तुम्ही काय केलंत? आठवायला फारच वेळ लागला तर समजून जा.

आणि ट्रस्टींच्या त्या मोठ्या डॉक्टरांना सरळ विचारा, प्रॅक्टिस सांभाळून आठवड्यातले किती दिवस येणार? दीड म्हणाले तर सल्लागार मंडळावर घ्या, ब्रोशरवर फोटोही छापा, लॅबची किल्ली मात्र देऊ नका.