आधी उतरायचं कसं?

"मॅडम, एकटीनं केलं तर चालतं ना?"

ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न आता इतक्यांदा येतो की वाक्य पूर्ण होण्याआधीच मला कळतं. विषय असतो दोरावर लटकण्याचा. शिबारी हा जपानी शब्द, अर्थ साधाच: बांधणं. अंगाभोवती दोराचे वेढे घ्यायचे आणि त्या वेढ्यांच्या आधारानं जमिनीपासून अधांतरी व्हायचं. कुणाला त्यात कसरत दिसते, कुणाला डोकं शांत झाल्यासारखं वाटतं, कुणाला जोडीदाराशी जवळीक हवी असते. आणि त्याला चिकटून दुसरा प्रश्न येतो, आणखी खालच्या आवाजात: "मी नॉर्मल आहे ना?"

दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे. सज्ञान माणसांनी एकमेकांच्या राजीखुशीनं केलेल्या अशा गोष्टीला जागतिक आरोग्य संघटनेची २०२२पासून लागू झालेली आजारांची यादी, आयसीडी-११, आजार मानत नाही. मीही मानत नाही. फक्त पहिल्याच भेटीत एक गोष्ट सरळ विचारते: या दोराचा मरून जाण्याच्या विचाराशी काही संबंध आहे का? असेल तर दोराचं सगळं बोलणं बाजूला ठेवून आधी त्यावर बोलायचं. रात्री-अपरात्री तो विचार आला तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.

पहिल्या प्रश्नासाठी सईचं उदाहरण घेते. नाव बदललंय, आणि दोन-तीन जणींचे तपशील एकत्र केलेत.

सई पस्तिशीची, घोडबंदर रोडला राहणारी, ऐरोलीत नोकरी. आली ती लंगडत. लंगडणंही वेगळंच होतं. उजवा पाय उचलताना चवडा खाली लोंबत होता आणि दर चार पावलांनी चप्पल निसटत होती. घरी सांगितलं होतं, स्टेशनच्या जिन्यावर पाय मुरगळला. खरी गोष्ट अशी, की घरी कोणी नसताना तिनं पाय गुडघ्यात दुमडून बांधला आणि त्याच्यावर जवळपास वीस मिनिटं लटकली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, एक हाडाचा उंचवटा बोटाला लागतो. तिथून एक नस अगदी कातडीखालून जाते, आणि चवडा वर उचलायचं काम तिचं. दोर नेमका तिथे रुतला होता.

"मुंग्या आल्या नाहीत?"

"नाही ना! दुखलंही नाही. खाली आल्यावर कळलं, पाय उचलतच नाहीये."

इथेच बहुतेक जण फसतात. सगळा हात किंवा पाय हळूहळू जड, गार, निळसर होतो तेव्हा बहुधा रक्त अडलेलं असतं. नस दाबली जाते तेव्हा एखाद्याच पट्ट्यात झिणझिण्या येतात किंवा चमक निघते, आणि कधी कधी काहीच कळत नाही. म्हणून दुखण्याची वाट बघायची नसते. दर दोन मिनिटांनी तपासायचं. पायाचा चवडा नडगीकडे ओढता येतो का, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात स्पर्श कळतो का. हाताचं मनगट वर उचलता येतं का, अंगठा ताठ होतो का, बोटं फाकवता येतात का. यातलं एक जरी कमी झालं तरी खाली, त्याच क्षणी. दंडाची मागची आणि बाहेरची बाजूही गुडघ्याइतकीच दगाबाज आहे. तिथे दोर रुतला की मनगट लोंबतं. नस नुसती दाबली गेली असेल तर सहसा काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत भरून येते. पण ते ठरवायला डॉक्टर हवा, आणि डॉक्टरांना खरं कारण सांगायला हवं. सईनं डॉक्टरांनाही मुरगळल्याचंच सांगितलं होतं. मी तिला आधी परत तिकडे पाठवलं.

पुढच्या भेटीत ती म्हणाली, "दोराची मला भीती नाही मॅडम. शाळेत दोरीचा मल्लखांब केलाय पाच वर्षं."

मी विचारलं, "मल्लखांबाच्या दोरीला गाठ का मारत नाहीत?"

ती हसली. "गाठ कसली? पायाच्या अंगठ्यात दोर धरायचा, अंगाला वेढा घ्यायचा, आणि सोडायची वेळ आली की आपणच…" आणि ती थांबली.

समोर बसलेला माणूस असा थांबतो तेव्हा मी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे करत नाही. इतक्या वर्षांत बोलण्यापेक्षा गप्प बसायलाच जास्त शिकले असेन.

"आता मी गाठ मारते," ती सावकाश म्हणाली. "आणि सोडवायला घरात कोणी नसेल अशी वेळ मुद्दाम शोधते."

"का शोधता?"

"नवऱ्याला कळायला नको. तो म्हणेल, विकृत आहेस."

"म्हणालाय कधी?"

"नाही. पण म्हणूच नये ना त्यानं!"

माझं सगळं काम या 'म्हणूच नये' भोवती फिरतं. नवऱ्यानं समजून घ्यावं ही इच्छा झाली. समजून घेतलंच पाहिजे, नाहीतर मी संपले, हा हट्ट झाला. आणि हट्टापायी माणूस कुलूप लावून, एकटा, वीस मिनिटं लटकतो. तो तसं म्हणणार नाही, असा दिलासा मी तिला दिला नाही. मला काय माहीत तो काय म्हणेल?

"समजा, म्हणाला. मग काय होईल?"

"वाईट वाटेल."

"आणि?"

बराच वेळ गेला. खाली गोखले रोडवर कुणीतरी हॉर्न धरून बसलं होतं. सईनं चपलेतून निसटलेल्या पायाकडे पाहिलं. "आणि काय… वाईट वाटेल. पाय तरी हलेल." आणि खो-खो हसायला लागली.

नवऱ्याला तिनं चार दिवसांनी सांगितलं. तो विकृतबिकृत काही म्हणाला नाही. दोन दिवस बोललाच नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पंख्याच्या हुकाला?!" पुढच्या भेटीला दोघं आले आणि माझी खोली जवळपास हार्डवेअरचं दुकान झाली.

हो, पंख्याच्या हुकालाच. ठाण्या-नवी मुंबईत मी ऐकलेल्या दहातल्या आठ गोष्टींत हाच हुक असतो. पंखा चार-पाच किलोचा. साठ किलोचं माणूस वरून न पडता, नुसतं एकदम लटकलं तरी क्षणभर दुप्पट, म्हणजे १२० किलोचा ओढा बसतो. झोका किंवा हिसका बसला तर त्याहून जास्त. हवाई कसरतीचे लोक टांगण्याच्या जागेनं ९०० किलोच्या आसपास पेलावं असा हिशोब धरतात. पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये तर काहीच धरत नाही. सिडकोच्या जुन्या इमारतींत स्लॅबचे पोपडे पडताना आपण बघतोच. तिथे छताला भोकच पाडू नये. नव्या इमारतीतही स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवून, तुळईत किंवा शाबूत स्लॅबमध्ये अँकर बसवून घ्यावा. भाड्याच्या घरात त्याहून बरं म्हणजे वजन लिहिलेली, स्वतंत्र उभी राहणारी लोखंडी चौकट. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची उघडझाप होणारी धातूची कडी, गिर्यारोहणाचा, आट्याचं लॉक असलेला, ज्यावर २२ केएन (किलोन्यूटन) किंवा जास्त कोरलेलं असतं. म्हणजे साधारण २,२०० किलो. किल्ल्या अडकवायचा तसलाच दिसतो, पण तो नव्हे.

दोर तागाचा, ६ मिमी जाड, ७-८ मीटरचे तुकडे, दुहेरी करून. जांभळी नाक्याच्या बाजारात नुसतं "दोर द्या" म्हटलं तर नायलॉन नाहीतर सुंभ हातात पडेल. नायलॉन ताणला जातो, घसरतो, त्याच्या गाठी धरत नाहीत. सुंभ कातडी सोलतो. अंगाभोवती दोर सपाट, शेजारी शेजारी, एकावर एक न चढवता; जितके वेढे तितका भार वाटला जातो. वर जाणाऱ्या दोरावर सगळ्यात जास्त झीज होते. त्याचे धागे तुटलेले किंवा घासून जळलेले दिसले की तो तुकडा बाद.

शिकायचा क्रम मी उलटा सांगते. पहिले काही आठवडे लटकायचंच नाही. जमिनीवर कमरेचा आणि मांड्यांचा हार्नेस, म्हणजे भार पेलणारे दोराचे वेढे, बांधायचा, डोळे मिटून सोडायचा. मग दोर वर अडकवून अर्धाच भार द्यायचा, एक पाय जमिनीवर. वरची अडकवण भार असतानाही सुटेल अशीच हवी, आणि बांधणाऱ्यानं वीस-तीस सेकंदांत खाली आणून दाखवायचं, दहादा. त्यानंतर पूर्ण भार, तोही कमरेवर, उंची गुडघ्याइतकी, खाली जाड गादी, पहिल्यांदा तीन-चार मिनिटं. हात बांधून, छातीवर किंवा उलटं लटकणं याच्या खूप पुढचं, आणि ते शिकवणारा समोर असल्याशिवाय नाही. गळ्याजवळ दोर कधीच नाही. उभ्यानं, पाय न हलवता लटकत राहिलं तर काही मिनिटांत रक्त पायांत साचून भोवळ येऊ शकते. तसं वाटलं की खाली, आडवं.

आणि एकटीनं? पूर्ण लटकणं, माझं उत्तर नाही. एकट्यानं करणारे अनुभवी लोक आहेत, पण भोवळ आली तर अनुभव दोर कापत नाही. पाय जमिनीवर ठेवून अर्ध्या भाराचा सराव करायचाच असेल तर दोन्ही हात मोकळे, दाराला आतून कडी नाही, घरात एका शहाण्या माणसाला माहीत, आणि बोथट टोकाची कात्री कुठल्याही अवस्थेत हाताला लागेल अशी.

सईचा चवडा नऊ आठवड्यांनी पूर्ण वर यायला लागला. नवऱ्यानं घड्याळ लावून उतरवण्याचा सराव केला. पहिल्या दिवशी दीड मिनिट, शेवटी अठरा सेकंद. अजूनही त्याला यातलं फारसं काही आवडत नाही, असं त्यानं माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, आणि सईनं ते ऐकून घेतलं. शेवटच्या भेटीत त्यांची एकच तक्रार होती. दाराजवळ खिळ्याला टांगलेली ती कात्री सासूबाईंनी दुधाच्या पिशव्या कापायला नेली होती, आणि "कात्री कशाला हवी इथे?" याचं उत्तर दोघांनाही देता येईना. आता दोन कात्र्या आहेत. लाल मुठीची दुधाची.