घरी पहिल्यांदा इंजिन उघडताय? आधी हे वाचा

भाऊ, पहिल्या वेळेला मारुती ८०० चं इंजिन घेतलंत हे बरं केलंत, ७९६ सीसी, तीनच सिलिंडर, शिकायला झकास. टूल्स इंदूरच्या सियागंज बाजारात बघा, पण पाने सहा पॉइंटचे (आतून सहा कोनांचे) सॉकेटच घ्या, बारा पॉइंटवाला जाम बोल्टचं डोकं गोल करतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. बोल्ट एका परातीत टाकत गेलात तर महिन्याभराने रडाल (मी रडलोय, शेवेच्या रिकाम्या डब्यात सगळे एकत्र टाकले होते). प्रत्येक भागाची वेगळी थैली, वर मार्करने नाव, आणि काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, पाइप-वायरिंगचे तर दोन-दोन.

बाकी एवढंच सांभाळा:
- बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, ऑइल-कूलंट पूर्ण निथळू द्या.
- हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) बोल्ट इंजिन गार असतानाच, बाहेरून आत, थोडे-थोडे करून सैल करा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदम सोडलं की वाकतं. चिकटलं तर फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नका, सरफेस गेला की गॅस्केट (हेडखालचं सील) लीक.
- रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याच्या) आणि मेन बेअरिंगच्या (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या) कॅपवर नंबर आणि दिशा लिहा, अदलाबदल चालत नाही.

बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणं), क्लिअरन्स (भागांमधली फट) वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका. आधी खोला, धुवा, मग फोटो टाका, बघू.