निळा रंग गेला, पण गेला कुठे?

तुमचं दोन पानी पत्र मिळालं. मुलगी बीएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. प्रकल्पासाठी तिने प्रकाश-उत्प्रेरक, म्हणजे प्रकाश पडला की पाण्यातलं प्रदूषक तोडेल अशी पिवळसर भुकटी बनवली, ती मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या पाण्यात टाकली आणि दिव्याखाली दोन तासांत पाणी नितळ झालं. आता लगेच पेटंट, मग परदेशात पीएचडी, असं ‘आम्ही ठरवलंय’. शेवटी तक्रार: ‘ती मात्र प्रयोग पुन्हा करायचा म्हणून अडून बसलीय, तिला समजवा.’

समजवायचं तर तुम्हालाच समजवावं लागेल. पत्रात ‘आम्ही’ अकरा वेळा आलंय, मी मोजलं. तिचं म्हणणं एका ओळीत, तेही गाऱ्हाणं म्हणून. आणि अख्ख्या पत्रात शास्त्राला धरून असलेली ओळ तेवढीच आहे.

रंग गेला म्हणजे प्रदूषक संपलं, असं तुम्ही धरून चाललाय. रंग भुकटीच्या कणांना नुसता चिकटूनही बसतो. मिथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषतं, त्यामुळे श्रेय भुकटीचं की रंगाचं, हे नुसतं बघून कळत नाही. रंग उडाला तरी रेणूचे बिनरंगी तुकडे पाण्यात उरू शकतात. म्हणून आधी अर्धा तास अंधारात ढवळायचं, एक पात्र भुकटीशिवाय प्रकाशात ठेवायचं, दिव्यापुढे ४२० नॅनोमीटरखालचा, म्हणजे मुख्यतः अतिनील, प्रकाश अडवणारा फिल्टर लावायचा आणि शेवटी पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजायचा. फिनॉलसारखं मुळात बिनरंगी प्रदूषक घेऊन पाहिलं तर फारच उत्तम. हे सगळं तिला कुणीतरी शिकवलंय, किंवा तिचं तिलाच खटकलंय. दुसरं असेल तर मुलगी पक्की संशोधक आहे.

प्रकाश-उत्प्रेरकांचं हे क्षेत्र घाई करण्यासारखं नाहीच. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्यातून हायड्रोजन मिळवल्याचं १९७२ मध्ये प्रसिद्ध केलं. पण तो पदार्थ अतिनील किरणांवर चालतो आणि जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात ते जेमतेम ५ टक्के. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश घेतं, तर त्याच प्रकाशात झिजतं. टिकाऊ, स्वस्त आणि दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या पदार्थाचा शोध अजून सुरूच आहे.

एमएस्सीची प्रवेश परीक्षा, पुढे पीएचडीची पात्रता परीक्षा, हा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. तो कुठे पळून जात नाही.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. सोबत अंधारातल्या पात्राचे आकडे पाठव म्हणावं.